वहीची मागची पानं

प्रश्न थोडक्यात असा : "सहावी-सातवीचा वर्ग आहे. दर सोमवारी मुलांकडून 'माझे ध्येय' आणि शनिवारी 'माझे चिंतन' लिहून घेतो. जूनपासून चालू आहे. सगळ्यांची ध्येयं सारखीच येतात : 'मी रोज अभ्यास करीन, मोठ्यांचा आदर करीन.' चिंतनात 'मी मस्ती करतो, ती कमी करेन.' मुलं मनापासून लिहीतच नाहीत. प्रश्न बदलू, की उपक्रमच बंद करू? शिवाय मुख्याध्यापक या उपक्रमाची फाईल मागतात, तिचं काय करायचं?"

सर, उपक्रम बंद करू नका. सोमवारचं ध्येय मात्र महिनाभर थांबवा. शनिवारचं चालू ठेवा, पण वेगळ्या तऱ्हेने. ते कसं, ते सांगते. फाईलचं शेवटी बोलू.

मुलं मनापासून लिहीत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मला तर वाटतं, ती चांगला विचार करून लिहितात. सरांना काय वाचायला आवडेल हे बारा वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. 'मोठ्यांचा आदर करीन' हे परिपाठातल्या सुविचारातून आलं. 'मस्ती कमी करेन' हे आपण दिवसातून चारदा ओरडतो त्यातून आलं. तुम्ही विचारलंत, त्यांनी तुमचंच तुम्हाला परत दिलं.

आणि याबद्दल मुलांना बोलायला आपल्याला तोंड नाही. वर्षअखेरीला वर्णनात्मक नोंदी आपण कशा करतो, आठवा. मोबाईलवर पीडीएफ उघडायची, 'शालेय शिस्त आत्मसात करतो', 'गटकार्यात उत्साहाने भाग घेतो', अशी वाक्यं हजेरी क्रमांकाने उतरवत जायची. मीही केलंय. एका वर्षी तर महिनाभर शाळेत न आलेल्या पोराच्या पुढे 'नियमित उपस्थित राहतो' लिहून मोकळी झाले होते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत सगळ्यात शेवटी 'इतर' असं साधन होतं, आणि त्या 'इतर'च्या पोटात कुठेतरी स्वयंमूल्यमापन. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतीपत्रकात मुलाने स्वतःचं आणि वर्गमित्राचं मूल्यमापन करावं असं स्पष्ट म्हटलं. कागदावर जागा वाढली. पण ज्याने स्वतः कधी स्वतःच्या तासाकडे मागे वळून पाहिलं नाही, तो मुलांना काय दाखवणार?

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर चोवीस वर्षं काढली. बहुतेक काळ सहावी ते आठवी, गणित आणि विज्ञान. यातली पहिली दहा-बारा वर्षं तुमच्यासारखीच गेली, त्याहून वाईटही. एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतरच माझं डोकं ठिकाणावर आलं.

केंद्रप्रमुखांची भेट ठरली होती. वर्ग बोलका दिसावा म्हणून मी भिंतीवर कार्डशीटचं झाड केलं, नाव दिलं 'ध्येयवृक्ष'. प्रत्येकाला हिरव्या कागदाचं एक पान, त्यावर आपलं ध्येय आणि खाली नाव. सातवीतल्या एका मुलाने खरंखुरं लिहिलं : 'मला १२ पर्यंत पाढे पाठ करायचे.' बाकी सगळी पानं कलेक्टर, डॉक्टर, रोज अभ्यास. साहेब आले, झाडाचा फोटो काढला, 'छान' म्हणाले आणि गेले. मधल्या सुट्टीत पोरांनी ते पान वाचलं. सातवीत आहे आणि बाराचा पाढा येत नाही! त्या दिवसापासून त्याचं नाव 'बारा' पडलं. ए बारा, बॉल टाक. बारा, पाणी आण. मला कळायला दोन आठवडे लागले. पान मी काढून टाकलं, पण नाव काही निघालं नाही. आठवी पास होऊन तो दुसऱ्या शाळेत गेला, तेव्हा तिथेही त्याच्याबरोबर गेलेल्या पोरांनी ते नेलं असणार.

वर्गात खरं लिहिणारा तो एकटा होता, आणि शिक्षाही त्यालाच झाली. पुढे कुणी खरं कशाला लिहील? अकरा ते चौदा या वयात मुलाला आईबापापेक्षा, शिक्षकापेक्षा बाकावरच्या शेजाऱ्याच्या नजरेची धास्ती जास्त असते. त्यामुळे माझा पहिला नियम : ध्येय भिंतीवर लावायचं नाही, परिपाठात वाचून घ्यायचं नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. शाबासकीसाठीसुद्धा नाही.

मग लिहायचं कुठे? २०२३-२४ पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं येत होती, वर 'माझी नोंद' असं छापलेली. पुढे ती पद्धत बंद झाली. माझ्या वर्गात त्या पानांवर बहुतेक फळ्यावरचं उतरवून घेतलेलं होतं, किंवा फुलं काढलेली. पण गंमत बघा, मुलांकडे स्वतःची 'माझी नोंद' कायमच असते : वहीची मागची पानं. कुठल्याही पोराची वही उलटी करा. फुली-गोळ्याचे डाव, पेन चालतंय का बघायला मारलेल्या रेघा, सह्यांचा सराव, कुणाची तरी उधारी, हिशोब, नावातली अक्षरं खोडून जोड्या जुळवलेल्या. पुढच्या पानांवर समास असतो, दिनांक असतो, लाल शेरा असतो. मागे काही नसतं, म्हणून मागे मूल असतं.

ध्येयवृक्षाच्या त्या प्रसंगापासून चिंतन आम्ही मागच्या पानांवरच करतो. गणिताची वही उलटी धरायची आणि शेवटच्या पानापासून सुरुवात. लाल पेन तिकडे जात नाही. शुद्धलेखन तपासत नाही, गुण नाहीत, 'छान' नाही, तारा नाही. मी वाचते, पण विचारून वाचते. ज्याला दाखवायचं नाही त्याने पान दुमडून ठेवायचं, आणि दुमडलेलं पान मी उघडत नाही. एकदाही उघडलेलं नाही. हे मुलं तपासून बघतात बरं का. पान दुमडून त्यात केस ठेवणारी एक मुलगी होती. केस जागेवर आहे हे बघितल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने पान दाखवायला सुरुवात केली.

आता मूळ मुद्दा. आपण उलट क्रमाने चालतो. आधी ध्येय लिहून घेतो, मग आठवड्याने चिंतन. पण मागे काय झालं हे ज्याला दिसलंच नाही, तो पुढचं ठरवणार कशाच्या जोरावर? म्हणून 'रोज अभ्यास करीन' येतं. ते ध्येय नव्हे, देवापुढे जोडलेले हात आहेत. त्यामुळे माझ्या वर्गात जून-जुलै फक्त मागे पाहणं. ध्येय हा शब्द मी स्वातंत्र्यदिनापर्यंत काढतच नाही.

आणि मागे पाहायचं ते आयुष्याकडे नाही. 'या आठवड्यात मी कसा वागलो' हा प्रश्न मोठ्या माणसालाही झेपत नाही. मुलाच्या हातात एखादी वस्तू द्या : घटक चाचणीची उत्तरपत्रिका, काढलेली आकृती, फसलेला प्रयोग, लिहिलेला निबंध. मग त्या वस्तूबद्दल विचारा.

सातवीत पूर्णांक संख्या झाल्या की मी दहा उदाहरणांची छोटी चाचणी घेते. एका मुलाला दहापैकी सहा मिळाले. मागच्या पानावर त्याने लिहिलं, 'माझा निष्काळजीपणा झाला. पुढे लक्ष देईन.' नेहमीचंच. मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चुकलेली चारच उदाहरणं एकाखाली एक लिही, उत्तर तू काय काढलंस तेही लिही. त्याने लिहिलं :

−८ − (−३) = −११
५ − (−२) = ३
−६ − (−९) = −१५
०  − (−४) = −४

म्हटलं, आता बरोबर आलेली सहा बघ. त्यात (−४) × (−६) = २४ बरोबर होतं. "मग वजा तर तुला येतो. ही चार सोडून बाकी ठीक. या चौघांत काय सारखं आहे?" तो बराच वेळ बघत राहिला. मी काही बोलले नाही. (हे सगळ्यात अवघड काम. सांगायला जीभ नुसती वळवळत असते.) मग म्हणाला, "मॅडम, कंसातला वजा मी बघितलाच नाही. कंस सोडून दिला." त्याने 'निष्काळजीपणा' खोडला आणि लिहिलं : 'वजाबाकीत कंसातला वजा आला की मी त्याला सोडून देतो. गुणाकारात सोडत नाही.'

'निष्काळजीपणा' या शब्दातून पुढे जायला वाटच नाही. दुसऱ्या वाक्यातून आहे, आणि त्या पोराला ती मी न सांगताच दिसली. 'रोज कंसवाली पाच करतो', असं तो आपणहून म्हणाला. ध्येय तयार झालं होतं, फक्त मी त्याला ध्येय म्हटलं नव्हतं.

म्हणून चाचणीची पत्रिका परत दिली की आम्ही चुकांची वाटणी करतो. प्रत्येक चुकीपुढे मुलाने एक अक्षर लिहायचं : 'न' म्हणजे समजलंच नव्हतं, 'घ' म्हणजे येत होतं पण घाई झाली, 'प्र' म्हणजे प्रश्नच नीट वाचला नाही, 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही. सुरुवातीला सगळीकडे 'घ' पडतात, कारण 'घ' लिहायला कमीपणा नाही. तेव्हा मी म्हणते, 'घ' असेल तर आता फळ्याशिवाय, वहीशिवाय सोडवून दाखव. सुटलं तर 'घ' खरा. नाही सुटलं तर मूल स्वतःच गुपचूप 'न' करतं. दोन चाचण्यांनंतर खाडाखोड कमी होत जाते.

प्रश्नांचंही थोडं. 'कसं वाटलं?' विचारलंत की 'छान वाटलं' मिळणार. 'काय शिकलास?' विचारलंत की धड्याचं नाव मिळणार. मला उपयोगी पडलेले प्रश्न हे : कुठे थांबलास? थांबल्यावर आधी काय केलंस? कुणाला विचारलंस? मागच्या वेळी असंच अडलं होतं का? हेच काम उद्या धाकट्या बहिणीला करायला दिलं तर तिला आधी काय सांगशील? शेवटचा प्रश्न माझा लाडका. स्वतःबद्दल न बोलणारं पोर बहिणीला सल्ला देताना भडाभडा बोलतं.

ज्यांना सलग लिहिता येत नाही, अशी मुलं सातवीतही असतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना तीन शब्द पुरे. एक मुलगा फक्त चित्र काढायचा : डोंगर, त्यावर माणूस, आणि आज तो कितीपर्यंत चढला. मला त्यातून जेवढं कळायचं, तेवढं इतरांच्या अर्ध्या पानातून कळत नसे.

ऑगस्टनंतर ध्येय. इथे एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगण्यासारखं आहे. अल्बर्ट बंडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली वजाबाकीत कच्च्या असलेल्या, सात ते दहा वर्षांच्या मुलांना ४२ पानांचा सराव दिला, सात बैठकींत करायचा. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं करा. काम तेच, हिशोब तोच. सहा-सहा पानंवाली मुलं पुढे गेली, त्यांना गणिताची गोडीही लागली. ४२ पानांचं ध्येय दिलेल्यांना काहीच ध्येय न दिलेल्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. आपण मुलांना कायम ४२ पानांचं ध्येय देतो. 'वार्षिक परीक्षेत ८० टक्के' हे जूनमध्ये लिहिलेलं वाक्य मुलाला डिसेंबरपर्यंत काही करायला लावत नाही.

(ओघात एक. प्रेरणादायी व्याख्यानांत सांगतात ना, येल विद्यापीठात १९५३ साली ध्येय लिहून ठेवणारे तीन टक्के विद्यार्थी पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले? असा अभ्यास कधी झालाच नाही. पालक सभेत ऐकवू नका. मी ऐकवलेला आहे.)

तर माझ्याकडे ध्येयाची मुदत दोन आठवडे, त्याहून जास्त नाही. ध्येय गुणांचं नसावं, करायच्या गोष्टीचं असावं, कारण गुण मुलाच्या हातात नसतात. पेपर कोण काढणार, कोण तपासणार, हे त्याला कुठे ठाऊक? कंसवाली पाच उदाहरणं त्याच्या हातात असतात. आणि ध्येय कुठल्या तरी रोजच्या कामाला बांधलेलं असावं. 'संध्याकाळी वाचेन' हे वाऱ्यावर जातं. 'पाणी भरून झालं की उंबऱ्यावर बसून एक पान वाचेन' हे टिकतं. पाणी भरणं काही चुकत नाही.

पुढचा भाग मला फार उशिरा कळला : अडचण आधीच लिहायची. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने हे 'जर-तर' नियोजन बरंच अभ्यासलंय, आणि गॅब्रिएल ओटिंजन यांचं म्हणणं असं की नुसतं गोड स्वप्न रंगवलं तर माणूस उलट सैलावतो, स्वप्नाशेजारी अडथळाही मांडावा लागतो. वर्गात त्याचं रूप साधं आहे. 'जर लाईट गेली तर तोंडी पाढे म्हणेन.' 'जर भाऊ मोबाईल लावून बसला तर वही घेऊन ओट्यावर जाईन.' 'जर पाहुणे आले तर सकाळी करीन.' मुलं यात भलतीच हुशार असतात. स्वतःचे बहाणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात, फक्त ते लिहून ठेवायला कुणी सांगितलेलं नसतं.

दोन आठवड्यांनी, शनिवारच्या सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला वीस मिनिटं. हल्ली 'आनंददायी शनिवार' असतो, म्हणजे पुस्तकाऐवजी उपक्रमांचा दिवस, त्यात हे सहज बसतं. वही उलटी करायची आणि ध्येयापुढे तीनपैकी एक लिहायचं : झालं, थोडं झालं, नाही झालं. 'नाही झालं' लिहिणाऱ्याला मी 'का नाही?' असं विचारत नाही. 'का'ला उत्तर म्हणून माफी येते. मी विचारते, "कुठल्या वारी सुटलं?"

सहावीतल्या एका मुलाने रोज इंग्रजीचे पाच शब्द करायचे ठरवले होते. सलग दोन वेळा 'नाही झालं'. वार विचारला तर दोन्ही आठवड्यांत गुरुवारी सुटलेलं, आणि एकदा सुटलं की पुढे शनिवारपर्यंत वही उघडलेलीच नाही. गुरुवारी काय असतं? "बाजार असतो की, मॅडम. वडिलांसंगं भाजी घेऊन जातो. यायला अंधार पडतो." एवढं सरळ होतं. पोराच्या डोक्यात मात्र 'मला जमत नाही' असं बसलेलं. त्याने ध्येय बदललं : गुरुवार सुट्टी, शुक्रवारी पाचच, दहा नाहीत. 'शुक्रवारी दहा नाहीत' हे महत्त्वाचं होतं, कारण थकबाकीच्या भीतीनेच तो शुक्रवारी वही उघडत नव्हता. पुढच्या पंधरवड्यात 'झालं' आलं. मग त्याने भाजीच्या पाटीवरच्या नावांची इंग्रजी यादी स्वतःहून केली. गवारीला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याने मला विचारलं, तेव्हा मलाही शोधावं लागलं.

मूल ध्येय लहान करत असेल तर करू द्या. ध्येय बदलणं म्हणजे हार नव्हे, हे वर्गाला पटवायचं असेल तर आपलंही ध्येय फळ्यावर लिहावं लागतं. माझं एका वर्षीचं होतं : 'वह्या घेतल्यापासून दोन दिवसांत तपासून परत.' दुसऱ्या आठवड्यात मुलांनी मला 'थोडं झालं' दिलं, तिसऱ्यात 'नाही झालं'. एका पोरीने माझाच प्रश्न मला विचारला, "कुठल्या वारी सुटलं, मॅडम?" बुधवारी सुटत होतं, बुधवारी माझ्याकडे ऑनलाईन माहिती भरायचं काम असे. मग सातवीच्या वह्या बुधवारी घ्यायच्याच नाहीत असं ठरलं. सगळा वर्ग खूश. तुमच्याकडे दुसरं काही करायला वेळ नसेल तर निदान हे करा.

मोठ्या स्वप्नांना मी हात लावत नाही. 'पोलीस भरतीत उतरणार', 'कलेक्टर होणार' हे मुलाचं असतं, ते तसंच राहू द्यावं. त्याला पायऱ्या पाडून देण्याची आपल्याला फार घाई असते. शिष्यवृत्ती किंवा आठवीतली एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) परीक्षा अशी तारीख असलेली गोष्ट असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मुलाला नीट सांगावं, की ही पास झालीस आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, आणि मग मागे मोजत यावं.

आता आमच्याकडची गोष्ट, जिथे माझी सगळी पद्धत अपुरी पडते. दसरा झाला की आमचा तालुका रिकामा व्हायला लागतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, मग कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, निघतो पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. सातवीतल्या एका मुलीने सप्टेंबरात मागच्या पानावर लिहिलं : 'मला दिवाळीनंतर पण शाळेत राहायचं आहे.' नियमाप्रमाणे हे ध्येय चुकीचं : मुदत लांबची, गोष्ट तिच्या हातात नाही. हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही दोघींनी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'माझ्या हातात', उजवीकडे 'दुसऱ्यांच्या हातात'. उजवीकडे आई-वडील, आजीची तब्येत, धाकट्या भावाला कोण सांभाळणार. डावीकडे तिने लिहिलं : आजीला विचारणे. मॅडमला घरी बोलावणे. हंगामी वसतिगृहाचा (आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलांची गावातच सोय करतात, त्याचा) अर्ज.

आजीला तिने विचारलं. मी घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, तुमचं समदं खरं हाय, पण ल्हान्याला कोण बघंल?" हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव होतं, तरी ती गेली. जाताना वही घेऊन गेली आणि एप्रिलमध्ये परत आणली. पुढची पानं जवळपास कोरी होती. मागच्या पानांवर उसाच्या फडावरच्या गाड्यांचे हिशोब होते : किती मोळ्या, किती टन, आई-बापाच्या कोयत्याचे किती होतात. खाली एका ओळीत, 'मुकादमाचा हिशोब आणि माझा हिशोब जुळत नाही.' मी तिला चिंतनाचे कुठलेच प्रश्न दिले नव्हते. पुढच्या वर्षी ती आजीजवळ राहिली. माझ्या उपक्रमामुळे नाही. भाऊ मोठा झाला म्हणून.

हे अशासाठी सांगितलं, की डावी-उजवी बाजू प्रत्येक वर्गात लागते. ज्याचा बाप पितो, जिची आई आजारी आहे, जिची पाळी सुरू झाल्यावर शाळेतल्या संडासाला कडी नाही म्हणून ती चार दिवस येत नाही, अशा मुलाला 'ठरवलं की सगळं होतं' म्हणणं खोटं आहे. उजवीकडच्या यादीतल्या काही गोष्टी आपल्या हातात असतात. ती कडी मी बसवून घेतली, ८० रुपयांत.

आणि मागच्या पानांवर कधी कधी फार गंभीर गोष्टही येते. त्यासाठी पहिल्याच दिवशी वर्गाला स्पष्ट सांगा : तुमचं पान मी कुणाला वाचून दाखवणार नाही, पण कुणी तुम्हाला त्रास देतंय असं त्यातून कळलं तर मी गप्प बसणार नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका, ते पाळता येत नाही. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

पालकांचं लवकर संपवते. पालक सभेत आपण बोलतो, पालक मान हलवतात आणि 'हाणा त्याला, पण शिकवा' म्हणून निघतात. मी बोलणं कमी केलं. मुलाला पाच मिनिटं देते. त्याने वहीतली कुठलीही एक गोष्ट आई-वडिलांना दाखवायची, आधी काय चुकत होतं आणि आता काय येतं. कोणतं पान दाखवायचं ते त्याने ठरवायचं. आईला वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवतो, आणि माझ्या अनुभवात तिथेच सगळ्यात चांगलं होतं. कंसवाल्या पोराने आईला −८ − (−३) शिकवायचा प्रयत्न केला. "आठ रुपये उधारी, त्यातली तीनची उधारी दुकानदाराने काढून टाकली." आई लगेच म्हणाली, "मग पाचच राहिली की." माझ्या तासाला हे उदाहरण मला सुचलं नव्हतं. आता दरवर्षी तेच वापरते.

राहिली फाईल. मागची पानं फाईलला लावायची नाहीत, झेरॉक्स काढूनही नाही. मी एकच कागद ठेवते, नावाशिवाय : पंधरवड्याची तारीख, किती मुलांनी ध्येय ठरवलं, किती 'झालं', किती 'थोडं', किती 'नाही', किती जणांनी ध्येय बदललं. खाली मी स्वतः काय बदललं त्याची एक ओळ. मागे एका साहेबांनी तो कागद बघून विचारलं, "बत्तीसपैकी अकरांचं 'नाही झालं'? असं कसं लिहिता मॅडम? पुढच्या वेळी सुधारा." म्हटलं, सर, अकरा जणांनी खरं लिहिलंय. त्यांनी सही केली. 'सुधारणा अपेक्षित' असा शेराही मारला. तो कागद अजून फाईलला आहे, तुमच्या मुख्याध्यापकांना नमुना हवा असेल तर पाठवते.